राखणदार कोण? : मराठी ख्रिस्ती लेखनातील अंतःकरण आणि आत्मवंचना

१

मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात गावाच्या शिवेवर राखणदार असतो. त्याला ठरल्या काळी राखण दिली जाते, त्याच्यापुढे गाऱ्हाणे घातले जाते, आणि गावावर येणारे अरिष्ट त्याने शिवेबाहेरच थोपवावे अशी अपेक्षा असते. या कल्पनेत एक गृहीत दडलेले आहे. राखणदाराचे तोंड बाहेरच्या बाजूस आहे. रोगराई, परके भूत, वाईट नजर ही सारी बाहेरून येतात. घरातलाच माणूस चोर निघाला तर राखणदाराने काय करावे, याचे उत्तर गाऱ्हाण्यात नसते.

बायबलच्या ज्ञानपर ग्रंथांत अंतःकरण राखण्याचा उपदेश आहे. जीवनाचा झरा तेथून निघतो म्हणून इतर कशाहीपेक्षा त्याची राखण अधिक करावी, असा त्याचा आशय. त्याच बायबलमध्ये यिर्मया संदेष्टा म्हणतो की, माणसाचे अंतःकरण हे सर्वांत कपटी असून त्याचा ठाव कोणालाही लागत नाही. ही दोन विधाने शेजारी ठेवली की पेच उभा राहतो. जे राखायचे तेच फसवणारे आहे. मग राखणारा कोण? ख्रिस्ती परंपरेने ज्याला आध्यात्मिक अंधत्व म्हटले ते न दिसण्यापुरते मर्यादित नाही. आपल्याला दिसते अशी खात्री असणाऱ्याचे ते अंधत्व आहे. योहानाच्या शुभवर्तमानातील जन्मांधाच्या कथेत अखेरीस आंधळे ठरतात ते डोळस धर्मपंडित, याचे मर्म हेच.

मराठीत आल्यावर हा पेच अधिक तीव्र झाला, आणि त्याला शब्दही कारण झाला. मराठी बायबलने 'हार्ट' या अर्थी अनेक ठिकाणी 'अंतःकरण' हा शब्द योजला. वेदान्ताच्या परिभाषेत मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार असे अंतःकरणाचे चार घटक मानले जातात. म्हणजे या शब्दाच्या पोटातच अहंकार बसलेला आहे. पहारेकरी आणि ज्याच्यावर पहारा ठेवायचा तो, असे दोघे एकाच खोलीत राहतात. मराठी संतकवितेला ही अडचण परिचित होती. रामदासांनी 'मनाचे श्लोक' रचून मनालाच समोर बसवले आणि त्याच्याशी दोनशे पाच श्लोकांचा संवाद केला. सिंधुदुर्गातल्या बांद्याचे सोहिरोबानाथ आंबिये (जन्म १७१४) यांच्या रचनेतही आत तेवणाऱ्या ज्ञानाची आणि ते विझू न देण्याची चिंता केंद्रस्थानी आहे. तेव्हा ख्रिस्ती उपदेश येथे आला तो रिकाम्या जागी आला नाही. परंतु त्याने एक नवी गोष्ट आणली: या आतल्या फसवणुकीचा जबाब देण्याच्या संस्थात्मक आणि वाङ्मयीन पद्धती.

प्रस्तुत लेखात या पद्धतींचा इतिहास तपासायचा आहे. त्यासाठी सिंधुदुर्गचा किनारा हे सोयीचे निरीक्षणस्थान आहे. १९८१ साली रत्नागिरीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात दोन ख्रिस्ती परंपरा एकमेकींच्या शेजारी नांदत आल्या. एक, गोव्यातून निरनिराळ्या काळी तेरेखोल ओलांडून उत्तरेस आलेल्या कॅथलिक कुटुंबांची. दुसरी, वेंगुर्ल्यास रुग्णालय उभारणाऱ्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनची. पहिलीत अंतःकरणाची झडती पाद्रीच्या कानाशी होते. तिला लोक 'कुमसार' म्हणतात. शब्द पोर्तुगीजातून आलेला. दुसरीत ती मंडळीसमोर उभे राहून द्यावयाच्या 'साक्षी'त होते. एक कुजबुज, तर एक उच्चार. मराठी ख्रिस्ती साहित्याचा प्रवास ढोबळमानाने या कुजबुजीकडून उच्चाराकडे झाला आहे, आणि या प्रवासात आत्मवंचनेचा प्रश्न सुटण्याऐवजी आपले ठिकाण बदलत गेला आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

२

फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाची बैठक लक्षात घेण्याजोगी आहे. चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण चालू असता एक बाटलेला ब्राह्मण विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांस वाचावयास काही का देत नाही? या प्रश्नातून पुराणाचा जन्म होतो. विचारणारा नवा ख्रिस्ती आहे. त्याचा बाप्तिस्मा झालेला आहे. तरी त्याचे कान जुन्या कथेला सोकावलेले आहेत. स्टीफन्सने ही पोकळी मान्य केली. बाप्तिस्म्याने अंतःकरण रिकामे होते, भरत नाही, हे त्याच्या कवित्वाला उमगले होते. म्हणूनच त्याने ओवी स्वीकारली, पुराणाचा साचा स्वीकारला, 'वैकुंठ' हा शब्दही स्वीकारला.

परंतु या ग्रंथाचे जग केवळ कवित्वाचे नाही. साष्टीतील देवळे १५६७ साली पाडली गेली होती. १५८३ साली कुंकळ्ळी येथे रुदोल्फो आक्वाविवा आणि त्याचे सहकारी जेझुइट मारले गेले, आणि त्यांचे मृतदेह ताब्यात मिळवण्याच्या कामी स्टीफन्सचा हात होता. गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, चालू होते. मधला अल्प खंड वगळता ते १८१२ पर्यंत टिकले. याचा अर्थ असा की, क्रिस्तपुराणाच्या पहिल्या श्रोत्यांच्या अंतःकरणाला दोन राखणदार होते. एक कुमसार ऐकणारा पाद्री, जो गुप्ततेने बांधलेला होता. आणि दुसरे न्यायालय, जे गुप्त खबरीवर चालत होते. पहिल्यापुढे खरे बोलल्याने क्षमा मिळे, दुसऱ्यापुढे खरे बोलल्याने शिक्षा. अशा व्यवस्थेत माणूस बाहेर एक आणि आत एक राहावयास शिकतो. धर्मसत्ता ज्याला ढोंग म्हणून शोधत होती ते ढोंग बऱ्याच अंशी तिच्याच शोधामुळे निर्माण होत होते.

मिशेल फुको यांनी १९७६ साली लैंगिकतेच्या इतिहासाच्या पहिल्या खंडात पापनिवेदनाची जी मीमांसा केली तिचा येथे उपयोग होतो. निवेदनाच्या विधीत सत्य आधी असते आणि मग सांगितले जाते असे नसून, सांगण्याच्या सक्तीतूनच 'आत काहीतरी दडलेले आहे' असा एक अंतर्भाग घडवला जातो, असा त्यांच्या विवेचनाचा रोख. गोव्याच्या बाबतीत त्याला एक जोड द्यावी लागेल. १६८४ साली व्हाइसरॉय कौंट ऑफ आल्व्होर याने स्थानिकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज स्वीकारावी असा हुकूम काढला. हुकूम पूर्णपणे अमलात आला नाही. तरी त्याचा आशय भयंकर होता. ज्या भाषेत माणूस स्वतःशी बोलतो तीच गुन्हा ठरली. स्वतःशी बोलण्याची भाषा गेली की स्वतःची फसवणूक पकडण्याचे साधनही जाते. क्रिस्तपुराणानंतर, फ्रेंच जेझुइट एतिएन द ला क्रुआ याने १६२९ आणि १६३४ साली सेंट पीटरवर रचलेले ओवीबद्ध पुराण आणि १६५५ साली आलेले आंतोनियो द साल्दान्य याचे संतचरित्र एवढे सोडले, तर ही धारा आटत गेली, याचे एक कारण येथे आहे.

क्रुआच्या विषयनिवडीकडे मात्र क्षणभर थांबून पाहावे. पीटर हा आत्मवंचनेचा ख्रिस्ती परंपरेतला आद्य नमुना आहे. सगळे सोडून गेले तरी मी सोडणार नाही, असे तो बोलतो तेव्हा खोटे बोलत नसतो; तसा त्याचा खरोखर विश्वास असतो. पहाटेच्या आत तो तीनदा नाकारतो. कोंबडा आरवल्यावर त्याला रडू येते ते गुरूला फसवल्याचे जितके, तितकेच स्वतःविषयीची माहिती चुकीची निघाल्याचे. ज्या चर्चने आपला पाया पीटरवर रचला असे मानले, त्या चर्चने ही कथा लपवली नाही ही तिची थोरवी. पण गोव्यातल्या सत्तेने तो कोंबडा स्वतःसाठी कधी आरवू दिला नाही. क्रिस्तपुराणात अंधत्व नेहमी श्रोत्याचे आहे. गुरूच्या डोळ्यांविषयी शंका घेण्याची सोय त्या संवादात नाही.

३

एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनांबरोबर वेगळी व्यवस्था आली. येथे कुमसार नाही, मध्यस्थ नाही. माणूस, ग्रंथ आणि देव एवढेच. त्यामुळे राखणदारी सर्वस्वी ज्याची त्याच्याकडे आली. हरी केशवजी यांनी १८४१ साली बन्यनच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'चे 'यात्रिकक्रमण' हे भाषांतर प्रसिद्ध केले. त्या रूपककथेतला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंग अखेरीस येतो. 'अज्ञान' या अर्थाचे नाव धारण करणारा एक प्रवासी सगळी वाट आनंदाने चालून, नदीही सुखाने ओलांडून स्वर्गाच्या दारापाशी पोचतो, आणि तेथून परत फिरवला जातो. नरकाची एक वाट स्वर्गाच्या दारातूनही जाते. त्या प्रवाश्याला वाटेत एकदाही शंका आलेली नसते. हाच त्याचा अपराध. बाप्तिस्मा घेतला, व्रत पाळले, वाट चालली तरी आपण फसलेले असू शकतो, ही भीती या भाषांतराने मराठी गद्यात आणली. मराठी ख्रिस्ती आत्मचरित्राची भूमी अशी तयार झाली.

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचे 'अरुणोदय' १८८४ साली प्रसिद्ध झाले. बाप्तिस्मा १८५४ सालचा, बेळगावचा. म्हणजे तेविशीतल्या तरुणाची कथा तीस वर्षांनंतरचा प्रौढ धर्मोपदेशक सांगतो आहे. हे अंतर महत्त्वाचे आहे, कारण या पुस्तकाचा खरा विषय ख्रिस्ती सत्याचा शोध हा नसून, सत्य पटल्यावरही ते न मानण्याच्या युक्त्या हा आहे. बाबांची बुद्धी वळली, पण उघड पाऊल टाकण्यास त्यांना काही वर्षे लागली. या काळात ते परमहंस सभेत होते. १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या या सभेचे सभासद जातिभेद अमान्य करीत, एकत्र बसून खात, पण गुप्तपणे. बाहेर पडल्यावर प्रत्येकजण पुन्हा आपापल्या जातीत. १८६० मध्ये सभेची माहिती बाहेर फुटली आणि सभा मोडली.

परमहंस सभेचा इतिहास सहसा सुधारणेच्या इतिहासात सांगितला जातो आणि गुप्ततेकडे भित्रेपणा म्हणून पाहिले जाते. 'अरुणोदया'च्या संदर्भात ती अधिक अर्थपूर्ण वाटते. बंद खोलीत पाव खाल्ल्याने सभासदाला आपण जात मोडली असे समाधान मिळे, आणि त्या समाधानामुळेच ती बाहेर मोडण्याची निकड संपे. आत्मवंचनेचे हे अत्यंत कार्यक्षम यंत्र आहे: लहानसा खरा आचार मोठ्या आचाराची जागा घेतो. खोटेपणाने माणूस फार काळ फसत नाही. अर्ध्या खरेपणाने फसतो. बाबांनी स्वतःच्या तारुण्यातली ही सवलत ओळखली, हे त्यांच्या पुस्तकाचे मोठेपण.

परंतु 'अरुणोदया'ची मर्यादाही येथेच आहे. निवेदक आणि नायक यांच्यात तीस वर्षांचा उजेड आहे. नायक चाचपडतो, निवेदकाला सारे दिसते. ऑगस्टीनने चौथ्या शतकाच्या अखेरीस 'कन्फेशन्स' लिहायला घेतले, तेव्हा दहाव्या भागात तो वर्तमानात येतो आणि आजही आपल्याला स्वतःचा ठाव लागत नाही असे कबूल करतो. बाबांच्या रचनेत ही वर्तमानातली शंका जवळपास नाही. पहाट झाली आहे. पुढचा दिवस निरभ्र असेल असे गृहीत आहे. पुराणातल्या गुरूची जागा येथे प्रौढ 'मी'ने घेतली, आणि अंधत्व श्रोत्याकडून भूतकाळातल्या 'मी'कडे सरकले. बोलणाऱ्याचे डोळे याही वेळी संशयापलीकडेच राहिले.

४

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्यापाशी हा संशय वर्तमानात येतो आणि दोन बाजूंनी येतो. म्हणून या इतिहासात त्यांचे स्थान मध्यवर्ती मानावे लागते.

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. त्यानंतरच्या काही वर्षांत त्यांचा सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या डॉरोथिया बील यांच्याशी जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. या पत्रांत मतभेदाचे विषय मोठे आहेत तसे लहानही आहेत. त्रैक्याचा सिद्धान्त आहे, धर्माधिकाऱ्यांचा अधिकार आहे. तसेच शाकाहार आहे, गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत की संस्कृत, हेही आहे. जेराल्डिन यांना रमाबाईंच्या खाण्याच्या पथ्यात जातीच्या अभिमानाचा अवशेष दिसला, त्यांच्या प्रश्नांत हट्ट आणि गर्व दिसला. थोडक्यात, रमाबाई स्वतःला फसवीत आहेत, जुने अंतःकरण नव्या नावाखाली जपत आहेत, असे त्यांचे निदान होते. रमाबाईंचे उत्तर असे की, एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर आपली विवेकबुद्धी दुसऱ्याच्या हाती देण्यास आपण बांधलेल्या नाही.

येथे थांबून विचारले पाहिजे की, आत्मवंचनेचा आरोप नेमका काय करतो. इतर कोणत्याही आरोपाला पुराव्याने उत्तर देता येते. 'तू स्वतःला फसवतेस' या आरोपाला दिलेले प्रत्येक उत्तर आरोपाचाच पुरावा ठरते. आरोपी जितक्या निश्चयाने नाकारील तितका तिचा गर्व सिद्ध. हा आरोप धर्मगुरू अनुयायावर, साम्राज्य वसाहतीवर, पुरुष स्त्रीवर करतो तेव्हा तो आध्यात्मिक निदान राहत नाही. शिस्तीचे हत्यार होतो. गौरी विश्वनाथन यांनी १९९८ च्या 'आउटसाइड द फोल्ड' या ग्रंथात रमाबाईंच्या धर्मांतराकडे असंमतीची कृती म्हणून पाहिले ते या अर्थाने उचित आहे. शिवाय ही पत्रे आपल्या हाती आली ती जेराल्डिन यांनी जमवून, आपले अभिप्राय जोडून ठेवली म्हणून, हेही विसरता येत नाही. आरोप करणारीनेच दप्तर रचलेले आहे.

परंतु रमाबाईंना केवळ बंडखोर म्हणून गौरवून आपण मोकळे झालो तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखे होईल. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनीच सांगितले की, बाप्तिस्म्यानंतरची सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. या उमजेपर्यंत येताना वाचलेल्या पुस्तकांत विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन होते. हा हॅस्लम स्वतः व्यासपीठावर प्रवचन देत असताना, आपण जे सांगतो आहोत ते आपल्यापाशी नाही हे ध्यानात येऊन पालटला. स्वतःच्या प्रवचनाने ज्याचे धर्मांतर झाले असा उपदेशक रमाबाईंना जवळचा वाटावा यात नवल नाही. शास्त्र पाठ असणे आणि शास्त्र लागू पडणे यांतले अंतर त्यांनी पुराणिकाच्या घरात लहानपणापासून पाहिले होते.

आता पेच असा की, १८८५ ची रमाबाई जेराल्डिनपुढे आपली विवेकबुद्धी राखते आणि १९०७ ची रमाबाई म्हणते की तेव्हा मला मूळ गोष्ट सापडलीच नव्हती. मग जेराल्डिन बरोबर होत्या काय? माझ्या मते नाही. जेराल्डिन यांच्या मते फसवणूक चर्चच्या अधिकाराला पुरते शरण न जाण्यात होती. रमाबाईंना पुढे जी उणीव जाणवली ती चर्चच्या अधिकाराने भरून निघणारी नव्हती; उलट धर्म म्हणजे मान्य केलेल्या मतांची यादी, या समजुतीतूनच ती आली होती. दोघींनी 'अंधत्व' हाच शब्द वापरला असता तरी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या असत्या. एकीचा राखणदार शिवेवर उभा राहून पाखंड आत येऊ देत नाही. दुसरीला कळले की शिवेच्या आत, सगळे शास्त्रशुद्ध असतानाही, घर रिकामे असू शकते. स्वतःची फसवणूक ओळखण्याचा हक्क ज्याचा त्याने स्वतःकडे ठेवणे आणि तो हक्क खरोखर बजावणे, या दोन्ही गोष्टी रमाबाईंनी केल्या. पहिलीशिवाय दुसरी गुलामी होते आणि दुसरीशिवाय पहिली अहंकार.

पुढे १९०५ मध्ये केडगावच्या मुक्तिसदनात झालेल्या धर्मजागृतीत मुलींनी रडून, मोठ्याने पापे कबूल केली. त्या प्रसंगाचे मूल्यमापन येथे करावयाचे नाही. एवढेच नोंदवावे की, सामूहिक साक्षीतही एक नवा साचा तयार होतो आणि साचा तयार झाला की त्यात बसणारे अश्रूही तयार होतात. कुजबुजीला जसे स्वतःचे खोटे असते तसे उच्चारालाही असते.

५

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झाली. मराठीतले हे श्रेष्ठ आत्मचरित्र ख्रिस्ती साक्षवाङ्मयात सहसा धरले जात नाही, कारण त्यात साक्षीचा सूर नाही. मला मात्र वाटते की, या लेखात मांडलेल्या प्रश्नाला सर्वांत प्रौढ प्रतिसाद तेथेच मिळतो.

पुस्तकाच्या प्रारंभी वडिलांचे सोवळे येते. १८५७ च्या धामधुमीत सासऱ्यांना फाशी झाल्यानंतर त्यांना सोवळ्याचे वेड लागले आणि त्याचा जाच घराने सोसला. लक्ष्मीबाई हे हसत सांगतात. पण त्या हसण्यात एक निरीक्षण आहे. शुद्धीचा हा अट्टाहास म्हणजे बाहेरची शीव सतत धुऊन काढणारा राखणदार. भीती आत बसली आहे आणि पाणी बाहेर ओतले जाते आहे. पुढे नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, आणि काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई त्यांच्या घरी राहावयास आल्या त्या आपला स्वयंपाक वेगळा ठेवून. त्यांच्या मनातली जात कशी गळाली याचे वर्णन त्या करतात तेव्हा त्यात ग्रंथप्रामाण्य नाही, वादविवाद नाही. जात देवाने केली की माणसाने, असा घरगुती प्रश्न त्या स्वतःला विचारतात, आणि उत्तर सापडल्यावर त्याचा डांगोरा पिटत नाहीत. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा.

'अरुणोदय', 'साक्ष' आणि 'स्मृतिचित्रे' ही तीन नावे एका रांगेत ठेवून पाहावीत. पहिले नाव प्रकाशाचा दावा करते, दुसरे सत्यकथनाचा. तिसरे फक्त एवढेच म्हणते की, ही चित्रे आहेत आणि ती आठवणीतली आहेत. आठवण चुकते, चित्र एका बाजूने काढलेले असते. दोन्ही मर्यादा नावातच कबूल. लक्ष्मीबाई टिळकांचा संताप, विसरभोळेपणा, औदार्य सारे सांगतात आणि त्याच मापाने स्वतःचा भोळेपणा, हट्ट, मत्सरही सांगतात. विशेष असे की, बाप्तिस्म्याआधीची लक्ष्मी आणि नंतरची लक्ष्मीबाई यांच्यात त्या अंधार-उजेडाची रेघ ओढत नाहीत. नंतरचीही तितकीच फसते, तितकीच हसते. ऑगस्टीनच्या दहाव्या भागातली वर्तमानातली शंका मराठीत आली ती अशी, तत्त्वचिंतनाच्या वाटेने न येता विनोदाच्या वाटेने. आपण स्वतःला हसतो तेव्हा हसणारा आणि ज्याला हसायचे तो, असे दोघेही अंतःकरणात एकाच वेळी उभे असतात आणि दोघांपैकी एकालाही सिंहासन मिळत नाही. पहारेकऱ्याला पहारा ठेवण्याचा याहून बरा उपाय मला कोणत्याही परंपरेत दिसलेला नाही.

टिळकांच्या अखेरच्या वर्षांतला निर्णयही याच अंगाने वाचता येतो. १९१७ साली त्यांनी मिशनची चाकरी सोडली आणि बाप्तिस्मा झालेले व न झालेले अशा दोहोंना सामावून घेणारा 'देवाचा दरबार' कल्पिला. पगार, बंगला आणि परदेशी आधार यांच्यासह आलेल्या श्रद्धेत किती श्रद्धा आणि किती सोय, हा प्रश्न त्यांनी स्वतःपुरता निकालात काढला. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि दरबार फार काळ उभा राहिला नाही. प्रश्न मात्र खोटा ठरला नाही.

६

सिंधुदुर्गचा किनारा सोडण्यापूर्वी आणखी एक साहित्यकृती आठवते, आणि ती ख्रिस्ती नाही. वेंगुर्ले तालुक्यातील बागलांची राई येथे १९३० साली जन्मलेल्या चिं. त्र्यं. खानोलकरांची 'कोंडुरा' ही कादंबरी १९६६ सालची. तिच्यातल्या माणसाला दैवी वरदान लाभते, आणि ते वरदान खरोखर देवाचे की आपल्याच दबलेल्या वासनेचा हुंकार, हे ओळखण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी उरत नाही. कोकणातल्या देवळात असा संशय आला की कौल घेतात. निर्णय स्वतःच्या मनावर सोडत नाहीत. कुमसार आणि कौल यांच्यात तत्त्वाचे अंतर मोठे आहे, तरी मनुष्यस्वभावाविषयीचे एक अनुमान दोहोंत समान आहे: एकटे मन स्वतःच्या खटल्यात न्यायाधीश होऊ शकत नाही. खानोलकरांच्या नायकाची शोकांतिका आणि बन्यनच्या 'अज्ञाना'ची शोकांतिका या दृष्टीने एकाच कुळातल्या आहेत. दोघांनाही आतला आवाज स्पष्ट ऐकू आला. दोघांनीही तो कोणापुढे तपासून घेतला नाही. मात्र तपासणारा सत्ताधारी असेल तर काय होते ते गोव्याने आणि वाँटेजने दाखवले. एकटेपणा आणि अधिकार या दोन धोक्यांमधून मराठी ख्रिस्ती लेखनाने जी अरुंद वाट काढली तिचे वाङ्मयीन मोल येथे आहे.

२००५ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा होऊन सिंधुदुर्गचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला. कुमसार चालू आहे, साक्षीही चालू आहेत. त्यांचा न्याय करणे समीक्षेचे काम नाही. समीक्षेने आपल्या अंतःकरणाची झडती घ्यावी, आणि ती घेण्यास क्रिस्तपुराणच पुरेसे आहे.

मराठीच्या थोरवीविषयी बोलण्याचा प्रसंग आला की स्टीफन्सच्या या ग्रंथातली मराठीची स्तुती आपण हमखास उद्धृत करतो. एका परदेशी माणसाने आपल्या भाषेला रत्न म्हटले याचा आपल्याला अभिमान वाटतो. त्या काही ओव्यांपलीकडचे पुराण किती जणांनी वाचले? ज्या श्रोत्यांच्या पोथ्या बंद झाल्या होत्या त्यांच्यासाठी ती स्तुती रचली गेली, हे कितीदा सांगितले जाते? आणि उलट, जे फक्त देवळांचा विध्वंस सांगतात त्यांनी या ओवीतला खरा जिव्हाळा कितीदा कबूल केला? रमाबाईंच्या बाबतीत हेच होते. कोणी वाँटेजची बंडखोर रमाबाई घेतो, कोणी केडगावची भक्त रमाबाई घेतो. ज्याला जी खुपते ती तो शिवेबाहेर ठेवतो. लक्ष्मीबाईंचे आपण विनोदासाठी कौतुक करतो आणि त्या विनोदामागची श्रद्धा वाङ्मयबाह्य मानतो. आवडते तेवढे आत घेणारा आणि उरलेले थोपवणारा हा राखणदार आपल्या वाङ्मयेतिहासाच्या वेशीवर कधीचा उभा आहे, आणि त्याचे तोंड बाहेर आहे. या ग्रंथांनी चारशे वर्षे जो एकच प्रश्न वेगवेगळ्या रीतींनी विचारला, तो त्यांच्या वाचकालाही लागू आहे, एवढे मान्य केले तरी वाचनाला नवी सुरुवात होईल.